टाळ्या वाजवून शिकलेलं इंग्रजी

तीर्थस्वरूप भागूआक्कास, बजाजनगराहून धाकट्या कारभारीचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची बिडी आणि खोकला, यांपैकी एक तरी सुटलं का? इकडं सगळं क्षेम आहे, उलट कौतुकाचंच लिहायचं आहे.

कंपनीत सेफ्टी सप्ताहाला परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यासमोर सगळ्या शिफ्टला इंग्रजीत शपथ द्यायची, आणि जो ती नीट देईल तो सुपरवायझर, अशी कुणकुण लागली. म्हणून मी सगीरा मॅडमच्या क्लासला नाव घातलं. (आशाबाई म्हणाली, "आधी घरात नीट बोलाया शिका.") मॅडमचं म्हणणं, जोडशब्दाचे दोन्ही तुकडे आपण बैलजोडीसारखे सारख्याच जोरानं हाकतो. 'हँडब्रेक'मध्ये जोर 'हँड'वर द्यायचा, 'ब्रेक'नं हळूच मागून यायचं. त्यासाठी तुकड्यागणिक टाळी. जोराच्या तुकड्याला मोठी, बाकीच्यांना हलकी.

शिफ्टच्या बसमध्ये मी सराव सुरू केला. नेमका गुरुवार. पुढच्या सीटवरच्यांना वाटलं आरती चालली आहे, त्यांनी बूट काढले. शेजारी गयास होता (आम्ही दोघं एकाच मशीनवर, आणि त्याच्या घरी कव्वालीचा नाद). तो म्हणाला, "ताल में बजाव ना यार," आणि त्यानं ठेका धरला. आठवडाभरात अख्खी बस 'टूलबॉक्स', 'हँडब्रेक' कव्वालीत म्हणू लागली. वाळूजला गेट आलं तरी कुणी उतरेना.

शपथेच्या दिवशी पाहुणे, हार, साहेबलोक पाहून मला शपथेचा पहिला शब्दच आठवेना. पण हातांना सवय झालेली. एक मोठी टाळी, एक हलकी. समोरून सगळ्या शिफ्टनं तशाच टाळ्या दिल्या, गयासनं आवाज लावला आणि शपथ सुरात पार पडली. पाहुण्यांना वाटलं, ही इथली रीतच असणार. तेही उभं राहून टाळ्या वाजवू लागले. साहेब इतके खूश झाले, की सुपरवायझरचं नाव तिथंच जाहीर केलं.

तुझा,
कारभारी

ता. क. : नाव गयासचं जाहीर झालं.

आणखी एक : शुक्रवारी त्याच्याकडं दावत आहे. तो स्वतः बोलवायला आला, तेव्हा मी पांघरूण घेऊन पडून राहिलो. आशाबाई म्हणते, "त्याला जाऊन भेटत नाय तवर चहा मिळायचा नाय." जायचं माझ्याही मनात आहे गं, त्याच्याशिवाय मशीनवर करमत नाही. पण आपणहून गेलो तर एवढा रुसवा वाया जातो. तेव्हा एक कार्ड टाक, 'कारभारी, मुकाट्यानं जा,' एवढंच लिहून. शुक्रवारच्या आत नाही पोचलं, तरी पोचलं असंच मी सांगणार आहे.