उतरलेले सेल

खासबाग, बेळगाव
१९८८

प्रिय अंजनी,

सदलग्याहून तू कॅसेट परत पाठवलीस, वर चिठ्ठी, की ही माझी आई नव्हे, मला नको. लई राग आला बघ. पारूआक्काची दुसरी खूण काय उरलीय आपल्याकडं? फोटोसुद्धा धड न्हाय. पण तू तेव्हा निपाणीला आजीजवळ होतीस, तुला काय ठाऊक असणार? म्हणून सांगते.

तुझे वडील गेल्यावर आक्का माझ्यासोबत सिद्रामअण्णाच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायची, भरता भरता गायची. अण्णाला गाण्याचं वेड. त्यानं कुठनं तरी टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेटची कंपनी काढली. कंपनी कसली, माळ्यावरची एक खोली! नाव 'धोटा', वेष्टनावर मागाच्या धोट्याचंच चित्र. पण गल्लीभर माग खडखडणार, गाणं भरायचं कसं? करंट गेला की माग थांबायचे, तेव्हा अण्णा ओरडायचा, "पारू, पळ गं, गप झालं!" आम्ही केसांत सुताचा भुसका घेऊन तशाच माळ्यावर. आक्का गायची, मी झील धरायची. मशीन सेलवर चालायचं, आणि अण्णा असा चिकट, की सेल पार मरेपर्यंत बदलायचा न्हाय.

पहिली कॅसेट करंटवर लावली तेव्हा आक्का हसली. "ही कोण पोरगी गं?" म्हणाली. तिचा आवाज भरदार, आणि हा बारीक, चिरका. अण्णा म्हणाला, मशीनमध्ये असंच येतं. लोकांना तोच गोड लागला! पार कणकुंबीपर्यंत हॉटेलांतनं पारूबाई वाजायची. 'धोटा'च्या पुढच्या कॅसेटीही अण्णानं तशाच काढल्या.

मग एका जत्रेत तिला गायला बोलावलं. आक्कानं पहिली ओळ उचलली आणि लोक ओरडले, ही पारूबाई न्हाय, खोटी बाई आणली! चपला आल्या गं स्टेजवर. त्यानंतर ती त्या कॅसेटीतल्या पोरीसारखं गायला बघायची, गळा आवळून, शिरा ताणून. अण्णाही तसंच गा म्हणायचा, मेला. गळा बसला तो बसलाच. पुढं गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाण्याचा आणि गाठीचा संबंध नाही. मी न्हाय मानत. शेवटी तू आलीस तेव्हा तिला तुझं नावसुद्धा घेता आलं न्हाय. ती गेली, 'धोटा' बंद पडला, अण्णानं माळ्यावर सूत भरलं.

परवा तुझी ती परत आलेली कॅसेट रागारागानं लावली. माझ्या टेपचे सेल उतरत आलेले. गाणं रेंगाळायला लागलं, आवाज जड होत गेला, आणि अगं, आक्का! शेजारी बसून गातेय तशी. मी रडायलाच लागले. मग डोक्यात प्रकाश पडला. अण्णाच्या मरत्या सेलांवर गाणं भरताना टेप हळू फिरली होती. करंटवर, चांगल्या सेलांवर ती पळते, म्हणून आवाज पोरीचा होतो. आक्का आत तशीच आहे. तू खरं बोलत होतीस, पोरी.

मी पुरतं ऐकलं न्हाय, लगेच बंद केलं. कॅसेट पुन्हा पाठवते, आणि सोबत फडक्यात बांधून तेच सेल. इतके नेमके उतरलेले पुन्हा जुळतील की न्हाय कुणास ठाऊक, आणि यांत एखाद्या गाण्यापुरताच जीव उरलाय. तो मी कसा संपवू? नवे घालू नकोस. दार लावून घे आणि तुझ्या आईला ऐक.

तुझीच,
बायाक्का मावशी