बोनेट नव्हे, बॉने

२ तारीख, दुपार
आज फार आनंद! यांच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय. (हे जाऊन तीन वर्षं झाली. मी काही वाटबिट बघत नाही.) हिरवा कोट, मांडीवर टोपी, तोंडातून शब्द नाही. चहा विचारला. नको म्हणाला नाही. ठेवला.

४ तारीख
सूनबाईने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आजी, हे चार्ल्स बॉने. म्हणजे डॉक्टरही ओळखतात त्याला! मी आधी ऐकलं चार लस. म्हटलं, एकदम चार नको हो. सूनबाई हसली, मग तोंड फिरवून बसली. डोकं ठणठणीत आहे म्हणे, दोष मोतीबिंदूचा. वीसला ऑपरेशन. मी नाही म्हटलं. घरात पाहुणा असताना कुठे जायचं?

७ तारीख
नातीने नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. इंग्रजीत शेवटी ट आहे, पण म्हणायचा नाही. मग लिहितात कशाला? गाव जिनीव्हा. जिनाही असेल, हवाही असेल. मी बोनेट म्हणून हाक मारली. मान वळली नाही. बरोबरच आहे. दुसरीत मास्तरणीने माझं नाव चुकवलं, तर मी शाळा सोडेपर्यंत ओ दिली नव्हती. लगेच सोडली म्हणा.

१२ तारीख
आता पाच जण. ओळखीचा एकही नाही. जिन्यात एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते, मी अंग चोरून जाते. भीती नाही वाटत. भर दिवसा दिवे लावते, ते त्यांच्या सोयीसाठी. ठरवलं: नाव बिनचूक आलं की चार्ल्सला सांगायचं, आमच्या यांना पाठवा. मागे राहिले असतील. रांगेत दुसऱ्यांना पुढे सोडायची खोडच यांना.

१८ तारीख
नात म्हणाली, अगं आजी, ते आजाराचं नाव आहे. त्या चार्ल्सच्या आजोबांना असं दिसायचं, त्याने लिहून ठेवलं. आणि यात बहुतेक अनोळखी माणसंच दिसतात. मी म्हटलं, बहुतेक ना? ती रडली वाटतं. तिचा चेहरा हल्ली पुसटच दिसतो. तिच्यासाठी ऑपरेशनला हो म्हटलं. अजून दोन दिवस आहेत.

२० तारीख, सकाळी ९
खुर्चीसमोर बसून सात वेळा नाव घेतलं. चार्ल्स उठला. टोपी घातली.

२७ तारीख
लख्ख दिसतंय! नातीच्या नाकावर तीळ आहे, कधी आला? जिना मोकळा. चार्ल्स बॉने म्हटलं, एकदम बिनचूक, ट गिळून. खुर्चीत कोणी नाही. गादीत खड्डा आहे, यांच्या मापाचा.
समोर चहा ठेवला. त्यावर साय धरली.