उसाच्या वाटेवरचे कंदील

॥ श्री ॥
ओतूर, १२ ऑक्टोबर २००२

प्रिय अहो,

आरतीचा नमस्कार. आईंचा आशीर्वाद. पत्र पोचलं. यंदाही पलटणीत रजा बंद आहे हे आईंना वाचून दाखवलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि डाव्या हाताने बाजरी निवडत बसल्या. उजव्या हाताला जरा लागलं आहे, काळजीचं काही नाही.

घट बसलेत. वस्तीवर आमचं कंदिलांचं काम चालू आहे. तुम्हांला मागे लिहिलं होतं, आम्ही बायका दुपारी एकत्र बसून दिवाळीचं सजावटीचं करतो. भागूच्या अंगणात बसतो, तिचं घर वस्तीच्या कडेला, सावलीचं. गावातून नीलम येते, केवलचंद शेटजींची सून. दुकानातले पतंगी कागद, जिलेटीन ती आणते आणि चांदणीच्या घड्या शिकवते. भागू माहेरहून भाताच्या लोंब्या आणते, त्यांचं तोरण विणते. तसं तोरण आई फार सुरेख विणतात, पण यंदा त्यांनी विणलेलं नाही. कामट्या तासायचं काम माझं.

आपली समू सध्या अवसरीला माझ्या भावाकडे आहे. तिथे तिला सोबत आहे. मजेत आहे.

इकडे लाईट रोज जाते. आम्ही दिवस मावळायच्या आत दार लावून घेतो. ऊस यंदा चांगला वाढलाय, अगदी वाटेला टेकलाय.

तुम्ही जपून राहा. जेवणाची हेळसांड करू नका.

तुमची
आरती


ओतूर, २७ ऑक्टोबर २००२

प्रिय अहो,

काल शेटजींच्या दुकानातल्या फोनवर तुम्ही जे बोललात ते ऐकून घेतलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, शेटजी समोर होते, मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही फोन ठेवलात तेव्हा शेटजींचं तोंड उतरलं होतं. ते म्हणाले, “मला वाटलं गोरखला ठाऊक आहे. मी आपलं सहज म्हणालो, पोरीचे टाके सुकले.” त्यांचा दोष नाही. तुम्हांला कळवायचं नाही असं आमच्या घरात ठरलं होतं. आता सगळं लिहिते.

पितृपक्षातली गोष्ट. भागूच्या अंगणात आम्ही कंदिलांचे सांगाडे बांधत होतो. समूही होती. नीलमला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून ऊन कललं की ती उठते आणि तिच्यामागे आम्ही सगळ्या उठतो. त्या दिवशी ती माहेरी गेली होती. उठा म्हणायला कोणी नव्हतं. भागूने चहा टाकला, गप्पा लांबल्या.

निघालो तेव्हा तिन्हीसांजेचा अंधार होता. मी पुढे, डोक्यावर कामट्यांचा भारा. मधे समू, मागे आई. उसाची पानंसुद्धा वाजली नाहीत. आई ओरडल्या म्हणून मी वळले. मला आधी कुत्रं वाटलं. समूचा खांदा बिबट्याच्या तोंडात होता आणि तो तिला घेऊन मागे सरकत होता. आईंनी तिचे दोन्ही पाय धरले होते. तो तिकडे ओढत होता, आई इकडे. मी भारा तसाच त्याच्या डोक्यावर आपटला. त्याने समूला सोडलं आणि आईंचा हात धरला. भागू आणि तिचा नवरा पत्रा बडवत धावत आले, तेव्हा कुठे तो उसात गेला.

दोघींना रातोरात पुण्याला नेलं. समूच्या खांद्याला टाके पडले. हात चांगला हलतो. बोलते, जेवते. पण पायांना कोणी हात लावलेला तिला चालत नाही. पैंजण घालायला गेले तर किंचाळली. आईंची तीन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मिटायची नाहीत.

दवाखान्यात मी तुम्हांला तार करायला निघाले होते. आईंनी खाटेवरून माझा पदर धरला. म्हणाल्या, “त्यो तिथं बंदूक घिऊन उभा हाय. त्याचं ध्यान हिकडं लागलं, तर त्याचं काय व्हईल? लिवू नगंस.” मी नाही लिहिलं. त्यांचं ऐकलं आणि मलाही ते सोयीचं वाटलं, कारण काल तुम्ही जे बोललात ते मला तेव्हापासून ऐकू येत होतं.

“कागद चिकटवायच्या नादात पोर गमावली असतीस.” थोरले भाऊजीही हेच म्हणतात. वस्तीतले चारचौघे माझ्या मागे म्हणतात. पण त्याच वाटेने बायका रोज खुरपून येतात, पोरं शाळेतून येतात. आम्ही कांदे निवडायला गेलो असतो तर कोणी म्हणालं असतं का, कांद्याच्या नादात?

तुम्ही म्हणता, हे बंद कर आणि पोरीला घेऊन अवसरीलाच राहा. अवसरीलाही ऊस आहे. आणि आई इथून हलायला तयार नाहीत. त्यांना एकटं टाकून मी जाऊ का, हे तुम्हीच सांगा.

वनखात्याच्या लोकांनी ओढ्याकाठी पिंजरा लावला आहे. आत बोकड बांधलाय, तो रात्रभर ओरडतो. नीलम तिकडे बघत नाही. त्या लोकांनी सांगितलं, घोळक्याने चाला, बोलत चाला, जवळ उजेड ठेवा. उजेड कुठून आणायचा? लाईट तर तिन्हीसांजेलाच जाते. तेव्हा भागू म्हणाली, “एवढं कंदील केल्यात, ते दारात टांगून कुणाला दावायचं? वाटंला लावू की.” आम्ही तेच करणार आहोत. फाट्यापासून शेवटच्या घरापर्यंत, बांबूवर, आत चिमणी ठेवून.

भाऊजी संतापले आहेत. “एक कंदील पेटून उसात पडला, तर वस्ती जळंल,” म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मला रात्री त्याचीच भीती वाटते. तरी मी थांबणार नाही. तुम्हांला विचारत नाही, कळवते आहे.

आरती


ओतूर, ७ नोव्हेंबर २००२

प्रिय अहो,

तुमचं पत्र आलं नाही. फोनही नाही. शेटजी म्हणाले, “राग असेल, निवळेल.” मी वाट न बघता लिहायला बसले आहे.

धनत्रयोदशीला कंदील लावले. फाट्यापासून आमच्या घरापर्यंत लाल, हिरवे, पिवळे. भागूची सासू घरातून बाहेर पडत नव्हती, ती अंगणात येऊन उभी राहिली. मग वारा सुटला. विहिरीजवळच्या कंदिलाने पेट घेतला आणि तो बांधावर पडला. तिथे वाळलेलं पाचट. मी लांब होते. धावले, पण आग उसापर्यंत जायच्या आत मी पोचणार नाही हे मला दिसत होतं.

भाऊजी तिथेच होते. आमच्यावर रागावून घरी बसलेत असं मी समजत होते. ते ओलं पोतं घेऊन वाटेवर फिरत होते, कोणाला न सांगता. त्यांनी आगीवर पोतं टाकलं, पायाने पाचट ओढून वेगळं केलं. पायाला भाजलंय. मी समोर जाऊन उभी राहिले. आता ते सगळं उपटून टाकणार असं वाटलं. ते दम खात उभे राहिले आणि म्हणाले, “कागद नाय चालायचा, आरती. पत्रा पायजे.”

दुसऱ्या दिवशी शेटजींच्या दुकानातून तेलाचे रिकामे डबे आले. भाऊजींनी वरची झाकणं कापून दिली. आम्ही बायकांनी खिळ्याने डब्यांना भोकं पाडली, कोणी चांदणीची, कोणी पानाफुलाची. आईंनी डाव्या हाताने एक मोर काढला. मान जरा वाकडी झाली. नीलम म्हणाली, “आई, हा वळून बघतोय.” आई पुष्कळ दिवसांनी हसल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते डबे लावले. अजून रोज लावतो. रॉकेल आळीपाळीने.

काल भाऊबीजेला अवसरीला गेले. तुम्ही सांगितलं होतं तिथे राहा. समूने माझी पिशवी सोडली नाही. मी तिला घेऊन आले. एस.टी. नारायणगावला रखडली आणि फाट्यावर उतरलो तेव्हा नेमकी तीच वेळ झाली होती. सगळ्या जणी उभ्या होत्या, आईही. समूने माझ्या पदरात तोंड खुपसलं. मी उचलून घ्यायला वाकले तर नको म्हणाली. आईंनी हात पुढे केला, तोच, न मिटणारा. समूने त्या हाताचं एक बोट धरलं आणि चालली. विहिरीपाशी थांबली, उसाकडे बघत राहिली. मग स्वतःच पुढे निघाली.

पिंजरा अजून रिकामा आहे. बिबट्या इथेच कुठेतरी आहे. मी तुम्हांला सगळं छान झालं असं लिहिणार नाही.

अहो, आता एक विचारते. त्या दिवशी फोनवर तुम्ही रागावलात, आणि मधेच तुमचा आवाज गेला. मी “तुम्ही कसे आहात” विचारलं, तर फोन ठेवलात. पेपरात सरहद्दीवरचं जे वाचते आणि तुम्ही जे लिहिता, ते एकमेकांशी जुळत नाही. तुमच्या पत्रांत फक्त थंडी आणि जेवण असतं. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या सातारच्या मित्राचं नाव पूर्वी प्रत्येक पत्रात असायचं. उन्हाळ्यापासून ते आलेलं नाही. मी आजवर विचारलं नाही.

आईंना वाटतं, न सांगितल्याने माणूस सुरक्षित राहतो. मलाही तसंच वाटायचं. आता वाटत नाही. तुमच्या त्या मित्राचं काय झालं ते मला लिहा. तुमचं काय चाललंय ते लिहा. मी घाबरेन. घाबरले तरी शेवटपर्यंत वाचेन.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आरती