भूक त्याची, हट्ट तुमचा

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या बाजूने भांडण अजून मिटलेलं नाही. देवराज मोहल्ल्यातल्या घरात माझा धाकटा भाऊ पुन्हा भात मागायचा आणि तुम्ही त्याच्यासमोरचं ताट ओढून घ्यायचात. "साकु!" तुम्ही कानडीत ओरडायचात. "पुरे! पोट आहे की हंडा?" मग आईकडे वळून, "तुझेच लाड." एकदा तो शेगडीपाशी बसलेला असताना दूध करपलं, घरभर वास सुटला, आणि याला पत्ताच नाही. शेजाऱ्यांसमोर तुम्ही त्याला दगड म्हणालात. अंगाने जाड, अभ्यासात मागे, नाक असून वास नाही. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे सगळं एकाच पोरात का, असा प्रश्न कधी पडला नाही!

मध्यंतरी त्याची रक्तातली साखर फार वाढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जनुकांची तपासणी करायला लावली. एका एन्झाइमचं जनुक बिघडलेलं निघालं. हे एन्झाइम पेशीच्या आत निरोप पोचवतं, नाकात वासाचा, मेंदूत पोट भरल्याचा. याच्या मेंदूला तो निरोप कधी नीट मिळालाच नाही. तो खरोखर भुकेला असायचा, अप्पा, आणि तुम्ही त्याला हावरट म्हणत राहिलात. बिघाडाची एक प्रत आईकडून आली, एक तुमच्याकडून. "आईवडील नात्यातले का?" बाईंनी विचारलं. नात्यातले तर! मामाची मुलगी केली, रक्त बाहेर जाऊ दिलं नाही, हे तुम्ही प्रत्येक लग्नात मिशीला पीळ देऊन सांगायचात. बोलणी मात्र आईने एकटीने खाल्ली, तुमच्या वाट्याचीसुद्धा. याचा मला अजून संताप येतो.

धाकटा हेब्बाळच्या कारखान्यातून आला, तसं त्याला सांगितलं. "म्हणजे मी हावरा नव्हतो, अल्वा अक्का? नव्हतो ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आई मात्र म्हणाली, "माझ्या लाडाने झालं नाही, हे आधी त्यांना सांग. लिही आणि फोटोपुढे ठेव."

म्हणून लिहिलं. पण ठेवलं नाही. चष्म्यावरून बघत तुम्ही यातही माझीच चूक काढाल, अशी या वयातही धास्ती वाटते. ठेवलं असं समजून आईने विचारलं, "वाचलं त्यांनी? काय म्हणाले?"

"चुकलो म्हणाले."

"खोटं बोलतेस," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. तो शब्द मीच तुमच्या तोंडी घातला, अप्पा.