उन्हाळ्यातले मोजे

बाबा, तुम्ही कामावरून यायचात तेव्हा तुमच्या हातांना स्पिरिटचा वास असायचा आणि आई तुम्हाला भाताच्या पातेल्याजवळ फिरकू द्यायची नाही. तुम्ही मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावायचात, नखांच्या कडा घासायचात, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराला टेकून तिथंच ताट मांडीवर घ्यायचात. हैदराबादेत दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर मोठमोठ्यानं पाठ करणारी कोचिंगची मुलं, आणि जेवता जेवता तुम्ही सांगत असलेल्या जखमा. आई म्हणायची, जेवताना तरी नको. तुम्ही दोन घास खायचात आणि मग हळूच म्हणायचात की त्या रिक्षावाल्याचं कातडं धरायला लागलंय, गुलाबी दिसायलंय. बरकतपुऱ्यातल्या एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात तुम्ही तीस वर्षं ड्रेसर होतात. डॉक्टर टाके घालून निघून जायचे. पुढचं धुणं, पुसणं, पट्ट्या बदलणं तुमच्याकडे. देगलूरकडच्या गावातून आलात तेव्हा नर्सिंग शिकायचं तुमच्या मनात होतं. ते राहून गेलं, आणि मग ते माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखं झालं.

मी मात्र ॲम्ब्युलन्सवर गेले. बारावीनंतर डिप्लोमा केला आणि निळा शर्ट घालून गाडीत बसले. तुम्ही नाराज होतात, पण पहिल्या दिवशी अफझलगंजला जाऊन स्टीलचा थर्मास घेऊन आलात. गाडीत चहा कुठं मिळणार, एवढंच म्हणालात. मला ते काम आवडायचं, बाबा. खोटं कशाला सांगू? सायरन लावला की चौकातली गर्दी फाटायची. श्वास अडकलेला माणूस, तुटलेला पाय, रस्त्यात कळा सुरू झालेली बाई, सगळ्यांसाठी माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात जे करायचं ते माझे हात न चुकता करायचे. मग दवाखान्याचं दार, दोन वाक्यांत माहिती, कागदावर सही, आणि स्ट्रेचर पुसून आम्ही पुढच्या कॉलला. मला वाटायचं, घरातल्या दोघांपैकी खरा जीव मी वाचवते.

तो भाजीवाल्या बाईचा दिवस तुम्हाला आठवत असेल. मोटरसायकलनं तिला उडवलं होतं आणि डाव्या हाताचं कातडं कोपरापासून सोलून निघालं होतं. तुमचाच दवाखाना सगळ्यात जवळ म्हणून मी तिला तिथं आणलं. गाडीत ती माझं मनगट सोडत नव्हती. तिला आत दिलं आणि मी अंगणात ड्रायव्हरबरोबर बिस्किटं खात उभी राहिले. तुम्ही ॲप्रनवरच बाहेर आलात. म्हणालात, "ती बाई तुला विचारायलीय. एकदा तोंड दाखवून जा."

मी म्हणाले, "बाबा, आमचं काम दारापर्यंत असतं."

ड्रायव्हर हसला. तेवढ्यात कॉल आला आणि मी गाडीत चढले. आरशात तुम्ही दिसत होतात, हात लोंबकळत उभे. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना, माझ्याकडे न बघता, म्हणालात की ती अकरा दिवस राहणार आहे आणि रोज पट्टी सोडताना विचारते, ती पोरगी कुठं गेली. तेव्हापासून तुम्हाला सवय लागली. मी घरी आले की विचारायचात, कालच्या माणसाचं काय झालं? मला कधीच माहीत नसायचं. आधी मी काहीतरी सांगून टाळायचे, मग चिडायला लागले. एकदा म्हणाले, मला पगार त्याचा मिळत नाही. तुम्ही विचारायचं सोडलंत.

नंतर ट्रस्टनं तुम्हाला घरी बसवलं. साखर तुम्हाला आधीपासून होती, पण तिची तुम्ही कधी फारशी दखल घेतली नाही. पायांची संवेदना गेलेली, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? चपलेतला खिळा तळव्यात शिरला आणि तो तुम्हाला कळला संध्याकाळी, फरशीवर डाग दिसला तेव्हा. हे आईनं मला फार पुढं सांगितलं. रोज मी ड्यूटीवर गेले की तुम्ही मोरीचं दार लावून, आरसा फरशीवर ठेवून, त्यात बघत स्वतःच्या तळव्याची पट्टी करायचात. तीस वर्षं लोकांचे पाय वाचवलेले हात स्वतःच्या तळव्यापर्यंत नीट पोचत नव्हते. आईनं कचऱ्यात कापूस पाहिला आणि दवाखान्यात चला म्हणून मागं लागली. तुम्ही तिला शपथ घातलीत. पोरगी दमून येते, तिच्या डोक्याला हे नको, म्हणालात. मला वाटतं, दवाखान्यात गेलं की काय होणार हे तुम्हाला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. असे किती पाय तुमच्या समोरून गेले होते.

त्या उन्हाळ्यात तुम्ही घरात मोजे घालून फिरत होतात. हैदराबादचा उन्हाळा, पंख्याचा वारासुद्धा गरम, आणि तुमच्या पायात लोकरीचे तपकिरी मोजे. मी एकदा विचारलं. फरशी गार लागते, म्हणालात. मी बरं म्हणाले. आणि एका सकाळी, बारा तास काम करून आले होते, गॅलरीत दोरीवर तुमचा मोजा वाळत होता. तळव्याच्या जागी पिवळट डाग, कडेला तांबूस, धुऊनही न गेलेला. असा डाग मी गाडीत कितीतरी वेळा पाहिला होता. एखाद्या अनोळखी घरात दिसला असता तर दाराशीच विचारलं असतं, काका, पाय दाखवा. तिथं मी एक क्षण उभी राहिले. मग आत जाऊन झोपले. उठल्यावर विचारू असं मनात होतं. उठले तेव्हा तुम्ही चहा केला होता, आणि तुम्ही बरे दिसत होतात.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी आईचा फोन आला. तुम्हाला थंडी वाजून ताप भरला होता आणि तुम्ही तिला तुमच्या बहिणीच्या नावानं हाका मारत होतात. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. दुसरी गाडी तुम्हाला आणायला गेली आणि मी मोठ्या दवाखान्याच्या दाराशी येऊन उभी राहिले. त्या दाराशी मी हजारदा आले असेन, पण वाट बघत कधी उभी राहिले नव्हते. गाडीतली मुलगी माझ्या ओळखीची होती. तिनं सगळं बरोबर केलं होतं. दोन वाक्यांत माहिती दिली, सही घेतली, माझा खांदा दाबला आणि गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मला तिला थांब म्हणायचं होतं, आणि तिला कशासाठी थांबवायचं ते सांगता आलं नसतं.

गुडघ्याखालून पाय काढला. एकोणीस दिवस तुम्ही त्या वॉर्डात होतात. मला ऑक्सिजन लावता येत होता, छाती दाबता येत होती, हलत्या गाडीत शीर सापडत होती, आणि तुमच्या पाठीखालची चादर बदलता येत नव्हती. पहिल्या दिवशी मी तुम्हाला असं ओढलं की तुम्ही कण्हलात. तिथं एक तेलुगू सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी माझा हात धरून तुमच्या कमरेखाली नीट ठेवला आणि म्हणाल्या, मेल्लगा, म्हणजे सावकाश. तुम्ही ड्रेसर होतात हे कळल्यापासून त्या तुम्हाला मास्टर म्हणायच्या आणि पट्टी सोडण्याआधी तुमच्याकडे बघून थांबायच्या. तुम्ही मान हलवली की सुरू करायच्या. तापातसुद्धा तुमचे डोळे त्यांच्या चिमट्याच्या मागं मागं जायचे. एकदा मला म्हणालात, "हात बघ तिचा." तोवर तुम्ही कुणाचं असं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी मला तुमचं तोंड कसं पुसायचं ते शिकवलं, घास किती द्यायचा ते शिकवलं. सगळ्यात अवघड होतं ते बसणं. बाहेर स्ट्रेचरचा आवाज आला की माझी मान दाराकडे वळायची. एका दुपारी तुम्ही ते पाहिलंत. विचारलंत, "कुठं जायचंय का तुला?" मी नाही म्हणाले. "मग बस की," म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुम्ही रागावला नव्हतात. रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

विष रक्तात गेलं होतं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि परत आत आणलं. तासाभरात तुम्ही गेलात. तुम्हाला पुसून काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, करतेस का? आम्ही दोघींनी मिळून केलं. बोटांच्या मधल्या जागासुद्धा त्यांनी पुसल्या. मी मोज्याचं त्यांनाही सांगितलं नाही, आईलाही नाही.

चार महिन्यांनी मी निळा शर्ट परत केला. आई म्हणाली, एकोणतिसाव्या वर्षी कोण नर्सिंगच्या शाळेत जातं? मी गेले. वर्गातल्या पोरी अठरा वर्षांच्या. त्या मला अक्का म्हणायच्या आणि वसतिगृहात झोपताना माझ्याकडे ॲम्ब्युलन्सच्या गोष्टी मागायच्या. वॉर्डात मी फार भरभर चालायचे, भरभर बोलायचे. मॅडम सगळ्यांसमोर म्हणायच्या, आग लागली आहे का कुठं? पहिलं वर्ष मी नुसत्या खाटा नीट करत होते आणि संडासात जाऊन रडत होते. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या पेशंटनं मला सकाळी ओळखलं, काल तूच होतीस ना, म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुणी मला ओळखण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. त्या दिवशी बसमध्ये मला तुमच्याशी बोलायचं होतं. भाजीवाल्या बाईचा हात पुढं कसा झाला, ते मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं.

आता नऊ वर्षं मी सर्जिकल वॉर्डात आहे. साखरेचे पाय आमच्याकडेच येतात. पट्टी करताना मी तुमच्यासारखी जखमेच्या मधून कडेकडे जाते, आणि नव्या मुलींनी घाई केली की त्यांचा हात धरते. कालच्या माणसाचं काय झालं हे मला आता सांगता येतं. बहुतेक चांगलं सांगते, कधी कधी नाही.

या आठवड्यात एक शिंपी आले आहेत, जुन्या शहरातले, पासष्टीचे. दोन महिने चिंधी गुंडाळून पाय लपवला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली, बाकीचा पाय राहील असं वाटतंय. मुलगी कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे, गळ्यात कार्ड तसंच घेऊन धावत आली. बापाजवळ ती रडली नाही. बाहेर खिडकीजवळ येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "एकीच घर में रहती मैं, सिस्टर. मेरेकू कैसा नै दिखा?"

मी तिला सांगितलं की बाप लपवायचं ठरवतो तेव्हा फार चांगलं लपवतो. दमून घरी आलेल्या माणसाला सगळं दिसत नाही. यात तुझा गुन्हा नाही. मी हे अगदी सावकाश, नीट सांगितलं, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं. तिचा श्वास खाली आला. ती बाकावर बसली, मीही बसले. बराच वेळ बसले, बाबा. वॉर्डातून दोनदा हाक आली तरी उठले नाही.

मग तिनं डोळे पुसत विचारलं, तुमचे अब्बा आहेत का? मी म्हणाले, गेले. कशानं, तिनं विचारलं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. मी म्हणाले, हार्टनं. नर्सिंगच्या मुलाखतीत हेच सांगितलं होतं, वसतिगृहातल्या पोरींनाही हेच. ड्रेसर पायाच्या जखमेनं गेला असं लोकांनी म्हणू नये, तुमची लाज राखावी म्हणून मी असं सांगते, अशी माझी मीच समजूत घातली होती. ती लाज तुमची नव्हती.