अमावस्येला उडणारं विमान

२ एप्रिल २००२, मंगळवार. गोरेगाव, जि. हिंगोली.
आजपासून रोजनिशी. वैमानिकाला लॉगबुक ठेवावंच लागतं. वाचणारा मीच.
कॉम्प्युटर घेऊन तीन आठवडे झाले. हिंगोलीच्या रतनसिंगकडून, सेकंडहँड पण दणकट. घेतला पुनमसाठी. दहावीची परीक्षा झाली, सुट्टीत पोरगी शिकेल. सध्या तिला हात लावू देत नाही. आधी मी यंत्र समजून घेतो, मग तिला समजावतो. सोबत विमान चालवायची सीडी फुकट मिळाली. यंत्र समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.
आज चार उड्डाणं. चारही पडली.

४ एप्रिल, दुपार
पडण्याचं शास्त्रीय निरीक्षण केलं. विमान वर जातं, वळतं, सगळं बराबर. मग एकदम स्क्रीन काळी. यंत्र पहिल्यापासून सुरू. विमान गेलं. यात वैमानिकाचा दोष शून्य.
सीडीच्या डबीवर बारीक अक्षरांत सापडलं: मेमरी कमीत कमी ३२ एमबी, शिफारस ६४. आपल्याकडे ३२. रोग सापडला. लग्नात कमीत कमी म्हणजे वरण-भात. पाहुणे उपाशी जात नाहीत, पण नावं ठेवतात.
पुनम दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. ओसरीत पिठाची गिरणी चालू होती, ऐकू आलं नाही. गिरणी बायको, सुमन, चालवते. मी तांत्रिक बाजू बघतो.

८ एप्रिल
रतनसिंगला एसटीडीवरून फोन. मेमरी वाढवायची म्हणालो. तो म्हणाला, "पहले वोल्टेज देखो, भाईसाब. स्टॅबिलायझर लगाओ." स्टॅबिलायझर फ्रिजला लावतात. आमच्याकडे फ्रिज नाही. विकायला बसलेला माणूस काहीही सांगतो.

१२ एप्रिल, अमावस्या
गिरणी बंद. आमच्याकडे अमावस्येला दळत नाहीत, वडिलांपासूनची रीत. सुमननं गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड काढून त्यांना टाकी मारून घेतली.
आज दीड तास उडालो. एकदाही पडलो नाही. थेट सेनगावला उतरलो. (सीडीत सेनगाव नाही. अमेरिकेतलं कुठलंतरी गाव आहे, मी त्याला सेनगाव म्हणतो.)
हात बसला.

१३ एप्रिल, पाडवा
पाच वेळा पडलो. काल गिरणी बंद होती म्हणून आज पहाटेपासून रांग. त्या आवाजात कसलं विमान उडतं?
नंतर पंचांग उघडून बसलो. अमावस्येला माणसं प्रवासाला निघत नाहीत. म्हणजे आकाश मोकळं. यात काहीतरी आहे. पण एका अमावस्येवर सिद्धांत मांडणारा मी नव्हे.

१८ एप्रिल
मेमरी घ्यावी की नाही? वहीच्या मध्यभागी रेघ मारून विचार केला.
घ्यावी: विमान पडणार नाही. गावाचं नाव होईल. पुनमला घरीच शिकता येईल.
घेऊ नये: सुमन.
अडचण अशी. १ मेपासून हिंगोलीत कॉम्प्युटरचा कोर्स आहे. त्यासाठी कबऱ्या बोकड विकायचं सुमन आणि पुनमनं आपसांत ठरवलंय. कबऱ्या पुनमनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. बोकड एक, आणि कामं दोन. पण कोर्स म्हणजे चार महिने. मेमरी बसवायला दहा मिनिटं लागतात. आणि मेमरी वाढल्यावर कोर्स मीच घेईन.

२२ एप्रिल
कबऱ्या जीपनं बाजारात नेऊन विकला. त्याच जीपनं हिंगोली, संध्याकाळी मेमरीसकट परत. वेळेचं नियोजन उत्तम.
पुनम शेतातून आली, मोकळा खुंटा पाहिला. आणलेला पाला तिथंच ठेवून आत गेली. समजूतदार पोरगी.
सुमन बोलली. म्हणाली, "लेकरावानी वाढवलेला बोकड इकला तुमी. आन आणलं काय, तर ही कंगव्याएवढी पट्टी." मेमरी आकारावर नसते हे तिला सांगितलं. जेवायला वाढलं नाही. आपण होऊन वाढून घेतलं.

२३ एप्रिल
६४! आता विमानाबाहेर ढग दिसतात. आधी नुसतंच निळं होतं. कापसासारखे, थरावर थर. बघत राहावं.
चार वेळा पडलो. पण पडताना आता जास्त स्पष्ट दिसतं.
नवीन मेमरी रुळायला वेळ लागतो. नवी बैलजोडी पहिल्या दिवशी नांगराचं तास सरळ धरते का?

१ मे
कोर्स सुरू झाला. आपला नाही, हिंगोलीचा. पुनम गिरणीवर बसते. दळण तोलते, पीठ चाळते, लोकांशी बोलते. हेही शिक्षणच. तिचा माझ्याकडे अभ्यास लवकरच सुरू करायचा आहे.

१२ मे, अमावस्या
दोन तास दहा मिनिटं! हट्टा, औंढा, परत सेनगाव. (तिन्ही अमेरिकेतले.) मेमरी रुळली. आणि अमावस्येचा सिद्धांतही सिद्ध झाला. दोन्ही एकाच दिवशी.
मध्येच पुनम सांगायला आली, "बाबा, ऐका ना." वैमानिकाशी उड्डाण चालू असताना बोलू नये, म्हणून हात वर केला. ती गेली.
ठरलं. परवा, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, जाहीर प्रात्यक्षिक. प्रमुख पाहुणे उत्तमराव, माजी सरपंच. त्यांनीच मागे पारावर म्हटलं होतं, रामप्रसादला शेतात नांगर सरळ धरता येत नाही, विमान कसलं चालवतो. उत्तर परवा मिळेल.

१४ मे
सकाळी आठला ओसरी भरली. एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. बायामाणसं, पोरं. बरेचजण डबे घेऊन आले होते, बहुतेक बसायला. पंचफुलाबाई तर दोन डबे घेऊन आली.
उत्तमरावांना खुर्ची दिली. यंत्राला हळदकुंकू, नारळ. थोडक्यात भाषण. उड्डाण. ढग दिसताच पोरांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमराव पुढं वाकले. मी म्हणालो, आता डावीकडं कयाधू नदी लागेल.
ओसरीत कुणीतरी ओरडलं, "सणाचं दळण हाय, कवा लावता?" त्या गडबडीत गिरणी सुरू झाली.
स्क्रीन काळी.
उत्तमराव म्हणाले, "नदी लागली व्हय?"
पोरं हसली. पुनम दारात होती, पिठानं पांढरी. ती मात्र हसली नाही. ओठ हलत होते, ऐकू काही आलं नाही.

२० मे
पाच दिवस पारावर गेलो नाही. नदी विचारतात.
शांतपणे विचार केला. चूक माझीच. ६४ ही शिफारस अमेरिकेतल्या हवेसाठी. आपल्याकडे ऊन किती, धूळ किती. १२८ लागणार. सुमनकडे विषय काढला. तिनं पाट्यावर मिरची वाटता वाटता माझ्याकडे पाहिलं. विषय बंद केला.

११ जून, मंगळवार
सुमन आणि पुनम सकाळच्या जीपनं हिंगोलीला गेल्या. कोर्सची दुसरी बॅच. दळणाच्या पैशातून सुमननं परस्पर जमवलं, मला कालच कळलं. निघताना म्हणाली, "गिरणीकडं बघा. येवढं तरी करा."
सकाळी कुणी दळायला आलं नाही. नऊला उड्डाण केलं. एक तास, स्वच्छ. अमावस्या तर काल झाली, म्हणजे सिद्धांत बदलावा लागणार, असं लिहायचं मनात होतं. सेनगाव समोर दिसत होतं. चाकं खाली सोडली होती.
तेवढ्यात पंचफुलाबाई डबा घेऊन आली. घरी पाहुणे येऊन बसलेत, ज्वारी दळून द्या म्हणाली. दोन मिनिटं थांबा म्हणालो. तर म्हणते, "काहून? विमान चालवून राहिले का? पडलंय न्हवं ते?"
विमान हवेत तसंच ठेवून उठलो. ज्वारी ओतली, स्टार्टर दाबला. पट्ट्यानं ओढ घेतली. वरचा बल्ब पार मिणमिणला. आणि उघड्या दारातून आत बघतो तर स्क्रीन काळी.
गिरणी थांबवली. यंत्र पूर्ण सुरू होऊ दिलं. पुन्हा स्टार्टर दाबला. पुन्हा काळी. तिसऱ्यांदा थांबवली तेव्हा पंचफुलाबाई म्हणाली, "तुमाला गिरणी बी चालवता येत न्हाई व्हय?"
मग सगळी ज्वारी दळून दिली. ती गेल्यावर पोत्यावर बसून राहिलो. डोळ्यांत पीठ गेलं असं लिहिणार होतो, पण ही वही मीच वाचणार आहे. रडलो. पोरीचा बोकड गेला, तिचा दीड महिना दळण तोलण्यात गेला, आणि त्या बदल्यात मिळाले ढग.
संध्याकाळी दोघी आल्या. गिरणी बंद केली आणि पुनमला विचारलं, दारात उभी राहून तू एवढे दिवस काय सांगत होतीस?
म्हणाली, "गिरणी लावली की कॉम्प्युटर बंद पडते, येवढंच. पर गिरणीत तुमाला ऐकू येत न्हवतं."
म्हणालो, मग अमावस्येला सांगायचं. त्या दिवशी गिरणी बंद असते.
"अमुशाला आलते की, बाबा. तवा तुमी हात वर केला."