सापळ्यात उरलेले अणू

४ डिसें., गुरु.
अणू अजून सापळ्यातच. दुपारी मेघाने प्रयोगशाळेतून दुजोरा दिला. तिच्या सरांनीही काल मोजलं, तोच आकडा. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष आणि हा निकाल. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा. पुरवणीला माझा लेखही सोमवारीच.
फोन ठेवताना म्हणाली, "पपा, एवढं सरळ कधी होतं का?"

५ डिसें.
लेखाची सुरुवात जमली. लेझरने गारठवलेले, जवळजवळ थांबलेले अणू. भोवती कुंपण, तेही प्रकाशाचंच. कॅरमच्या सोंगट्यांसारखे कडेवर आपटत फिरतात. कुंपणाला एक फट. ठरल्या वाटेने फिरणारे फटीकडे फिरकत नाहीत, उरतात. सैरभैर फिरणारे कधीतरी निसटतात. मेघाच्या कुंपणाचा आकार असा की सगळेच सैरभैर व्हावेत, सापळा रिकामा व्हावा. होत नाही.
बायकोला, फिलोला, वाचून दाखवलं.
"मग आत काय करतात ते?"
"फेऱ्या मारतात."
"तुमच्यासारखे." फिलो पुन्हा केळफूल सोलायला लागली.

६ डिसें., शनि.
मेघा घरी. नीट जेवली नाही. म्हणे, कुंपणाची कड धारदार असेल तरच निकाल खरा. कड मऊ पडली की आत ठरल्या वाटा आपोआप तयार होतात. ते सगळ्यांना आधीच माहीत आहे. मग नवं काही उरत नाही.
"मऊ कशाने पडेल?"
"भिंग जरा सरकलं तरी. खोली तापली तरी. पण आमचा एसी कायम चालू असतो."
स्वयंपाकघरातून फिलो: "कायम? बिल कोण भरतं गं?"
मेघा हसणार होती. तोंड तसंच राहिलं.
मागे चर्चच्या सणाला घरी आली, तेव्हा प्रयोगशाळेतून शेवटची तीच निघाली होती. आमच्या घरात दाराबाहेर पडण्याआधी सगळी बटणं बंद. बोट आपोआप जातं. परत गेली तर एसी बंद. वीज गेली असेल म्हणून लावला, कामाला लागली. अणू उरायला लागले ते त्यानंतर.

७ डिसें., रवि.
सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेलो. परतताना मेघा बावखलाच्या पाण्यापाशी थांबली.
"सरांना सांगू?"
"सांगायलाच हवं."
"त्यांनी सगळीकडे कळवलंय, पपा."
घरी येऊन फोन लावला. संपादकांना म्हटलं, लेख अडवतोय. "तुमचा? कधी अडलाय?" उद्या संध्याकाळपर्यंत जागा ठेवतील.

८ डिसें., सोम.
मेघा लवकर गेली. सरांना एसीचं कळवलं, भिंग जुळवून पुन्हा मोजते म्हणाली. उत्तर आलं: "आधी निबंध जाऊ दे. भिंगाला हात लावू नकोस."
आत्ता तिचा फोन. भिंग सोडवलंय. त्याची पहिली जागा आता परत मिळणार नाही.
फिलो बाजाराला गेली. जाताना माझ्या टेबलावरचा दिवाही बंद करून गेली. लावला नाही.
अणू उरतात की निसटतात, ती मोजणी तीनपर्यंत व्हावी. सर प्रयोगशाळेत चारला पोचतात.